पार्श्वध्वनी

भूपाल मगदूमच्या कवटीतली चिप बंद पडली तेव्हा तो दुकानात एका सबमर्सिबल मोटारीवर वाकून बसला होता. मोटार फिरत होती, बाहेर शिरोळ रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होते, शेजारचा वेल्डर कुणाला तरी शिव्या देत होता. मग यातलं काहीच राहिलं नाही. मोटार नुसती फिरताना दिसत राहिली. भूपालनं बटण बंद केलं, हात पुसले आणि समोर तोंड हलवत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "ओरडू नको. गेलं ते."

आपण किती मोठ्यानं बोललो हे त्याला कळलं नाही. दुकानामागच्या घरात त्याची बायको राजमती पाणी गाळत होती. तिला ते ऐकू आलं. हंड्यावरचं फडकं तिनं तसंच धरून ठेवलं, बराच वेळ.

बंद पडणार हे दोघांनाही ठाऊक होतं. मेंदूज्वरात भूपालच्या दोन्ही कानांच्या नसा मेल्या, त्यानंतर हे उपकरण बसवलं होतं. कानामागं एक छोटा मायक्रोफोन आणि आत हाडात रुतवलेली चिप. बाहेरून येणारा आवाज चिप निवडून घ्यायची, त्यातलं बोलणं वेगळं काढायची आणि विजेच्या बारीक ठोक्यांनी थेट मेंदूला पोचवायची. सवयीनं मेंदू त्या ठोक्यांनाच आवाज म्हणायला लागतो. रोज दुपारी जेवण झालं की चार्जरच्या डब्याची चकती उशीखाली ठेवून झोपायचं, चिप चार्ज व्हायची. इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं.

मग कुणीतरी बाहेरून अशा चिपांमध्ये घुसायला लागलं. माणसांच्या डोक्यात जाहिराती वाजायला लागल्या, धमक्या वाजायला लागल्या. कायदा आला: शरीरातल्या प्रत्येक उपकरणावर सुरक्षेची ताजी आवृत्ती असलीच पाहिजे, नसेल तर चार्जर वीज देणार नाही. भूपालची चिप दुसऱ्या पिढीची. कंपनी पाचव्या पिढीवर पोचली होती. तिनं कळवलं की दुसऱ्या पिढीसाठी यापुढे काही निघणार नाही, नवीन बसवून घ्या. डॉक्टर म्हणाले, जुन्या चिपेभोवती हाड धरलंय, काढायला गेलो तर माणूस हाती लागेल याची खात्री नाही.

त्यानंतर घरात पाटी आली. राजमती लिहायची, भूपाल वाचायचा. पुढं पुढं वाचेना. भूपालची थोरली बहीण विमल नवरा गेल्यापासून इथंच राहायला होती. ती पाटीवर लिहीत बसत नसे, त्याच्या दंडाला धरून हलवायची आणि तोंड मोठं करून बोलायची. तो हात झटकायचा.

एकदा दुपारी त्यानं राजमतीला जवळ बसवून घेतलं. "आक्काचा आवाज आठवतोय मला," तो म्हणाला. "वेल्डरचा आठवतोय. कोंबड्याचासुद्धा आठवतोय. तुझा आठवत नाही. एवढं हळू बोलतीस तू. बसून बसून आठवायला बघतोय, येत नाही."

राजमतीनं पाटी उचलली आणि काहीच न लिहिता परत ठेवली.

तिनंच मग तनुजा हुक्केरीला शोधून काढलं. तनुजा इचलकरंजीची. यंत्रमागांची इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करायची आणि उरलेल्या वेळात जगभरातल्या काही हौशी लोकांबरोबर कंपन्यांनी टाकून दिलेली यंत्रं जिवंत ठेवायची. आली ती स्वयंपाकघराच्या कट्ट्यावरच लॅपटॉप उघडून बसली.

"काकू, कर्नल म्हणजे काय सांगू का? सॉफ्टवेअरचा गाभा. घरातली कर्ती बाई म्हणा. हार्डवेअर म्हणजे घरातली माणसं. कुणाला काय लागतं, कुणाशी कसं बोलायचं, हे तिला ठाऊक असतं म्हणून घर चालतं. नव्या कर्नलला काकांच्या चिपमधली ही म्हातारी माणसं ओळखूच येत नाहीत. ओळख लिहिलेली होती, कंपनीनं पुसली. कोण सांभाळणार म्हणून."

"मग?"

"मग आम्ही ती ओळख जपून ठेवलीय. ती नव्या कर्नलमध्ये परत घालायची, कायद्याला हवं ते सुरक्षेचं सगळं घालायचं, आणि बसवायचं. बसवताना मात्र नाटकं करणार हा."

केली. इन्स्टॉलर, म्हणजे बसवून देणारा प्रोग्राम, पहिल्यांदा म्हणाला, हे उपकरण ओळखीचं नाही. तनुजानं ओळख पटवून दिली. मग म्हणाला, जागा अपुरी. जुन्या चिपेची मेमरी इवलीशी आणि सुरक्षेचा भाग अवाढव्य. तनुजा दोन वेळा घरी जाऊन आली, कात्री लावत राहिली. शेवटी तिनं घरच्या माणसांच्या आवाजांची साठवण काढून टाकली. ती चिपमध्ये पहिल्यापासूनच भरून ठेवलेली असायची. "ती नसली तरी चालतं," ती म्हणाली. "बोलणं कुठलं आणि गोंगाट कुठला एवढं कर्नलला कळलं की पुरे. ते तो पहिल्या काही दिवसांत ऐकून शिकतो आणि मग कायमचं लिहून टाकतो."

राजमतीनं हळूच विचारलं, "दशलक्षण पर्वाच्या पहिल्या दिवशी बसवाल?"

"मशीनला मुहूर्त नसतो काकू."

"मला असतो."

तनुजा हसली. मग म्हणाली, "बरं. पण एक ऐका. बसवल्यावर घर रोजच्यासारखं राहू दे. पंखा चालू दे, मिक्सर चालू दे, तुम्ही सगळे बोलता तसं बोला. उगीच शांत राहायला जाऊ नका."

राजमतीनं मान हलवली. जैनांच्या या पर्वाचे दहा दिवस ती दरवर्षी मौन धरायची. घरात ते सगळ्यांना माहीत होतं आणि तनुजाला माहीत नव्हतं. सांगावं असं तिच्या मनातही आलं नाही. व्रत करायचं असतं, बोलून दाखवायचं नसतं, असं तिच्या आईनं शिकवलेलं. आणि तिच्या हिशेबी पर्वात मौन म्हणजे घर रोजच्यासारखंच होतं.

पर्वाच्या पहिल्या दिवशी तनुजानं नवा कर्नल बसवला आणि चिप शिकेपर्यंत भूपालला चकतीवर पडून राहायला सांगितलं. या वर्षी राजमतीनं मौनाबरोबर जपही धरला. पहाटे बस्तीत, म्हणजे मंदिरात, अभिषेकाला जाऊन आली की ती भूपालच्या उशाशी माळ घेऊन बसायची आणि दिवस मावळेपर्यंत बसायची. णमोकार मंत्र. ओठ मिटलेले, आवाज घशातल्या घशात, एका पट्टीत, न थांबता. पंखा वर फिरत असायचा, राजमती खाली बसलेली असायची. विमलाक्का घर चालवत होती आणि चौघींचं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी भूपालनं डोकं वळवलं. "कोण आलंय?"

दारात दूधवाला उभा होता आणि विमलाक्का त्याला झापत होती, दुधात पाणी की पाण्यात दूध म्हणून. भूपाल अंथरुणावर उठून बसला. "आक्का! ऐकू यायलंय मला! परत शिव्या घाल त्याला, थांबू नको!"

विमलाक्का रडता रडता शिव्या देत राहिली. दूधवालाही रडला. राजमतीनं माळ कपाळाला लावली आणि जपाचा आवाज थोडा वाढवला.

क्षमावणीच्या दिवशी सकाळी मौन सुटलं. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. राजमती न्हाऊन नवी साडी नेसून भूपालसमोर आली. तो चहा घेत होता. तिनं वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "उत्तम क्षमा. वर्षभरात कळत नकळत काही दुखावलं असेल तर क्षमा करा."

भूपालनं वाट बघितली. "बोल की. सुटलं ना मौन?"

"बोलले ना."

"काय गं, अजून पाळायलीस काय? तोंड हलवतीस नुसतं." तो हसायला लागला. "आक्का, ही बघ थट्टा करायली माझी."

विमलाक्का पलीकडून म्हणाली, "अरे, बोलली ती. क्षमा मागितली तुझी."

भूपालचं हसू जाग्यावर राहिलं. "परत बोल."

राजमती परत बोलली. मग जरा मोठ्यानं बोलली. मग आयुष्यात कधी ओरडली नव्हती तशी ओरडली. भूपाल तिच्या ओठांकडं बघत होता.

"तू बोललीस की," तो सावकाश म्हणाला, "सगळंच गप्प होतंय. पंखा आधीच गप्प आहे. पण बाहेरची गाडी होती, ती पण गेली."

तनुजानं त्याच दिवशी येऊन चिप तपासली. पडद्यावरच्या नोंदी तिनं दोनदा वाचल्या. मग राजमतीकडं वळून म्हणाली, "काकू, या दिवसांत तुम्ही काकांजवळ बसून काय करत होता?"

राजमतीनं सांगितलं.

"बोलत नव्हता?"

"पर्वात मौन असतं माझं."

तनुजानं चष्मा काढला. "याला बोलणं कसं ओळखू येतं सांगू? माणूस बोलतो, थांबतो, चढतो, उतरतो, शब्द बदलतो. जे थांबतच नाही, बदलतच नाही, एका पट्टीत सारखं जवळच असतं, ते याच्या लेखी पंखा. तो पार्श्वध्वनी. तो ओळखायचा आणि वजा करायचा. त्यानं तुमचा गळा ओळखून ठेवलाय. पंख्यापेक्षा नीट ओळखलाय, कारण पंखा वीज गेली की थांबायचा." तिनं चष्मा परत घातला. "घरच्या आवाजांची साठवण असती तर वाचला असता तुमचा आवाज. ती मी काढली."

"परत बसवता येईल?"

"वजाबाकी पुसून नव्यानं शिकवता येईल. पण मेमरी झिजलेली आहे. एकदा लिहून घेतलं हेच नशीब. दुसऱ्यांदा घेतलं तर घेतलं. नाही घेतलं तर चिप कायमची गेली." तिनं एक पेनड्राइव्ह कट्ट्यावर ठेवला. "हा राहू दे. कधी चार्जिंग पूर्ण उतरलं तर हा चार्जरच्या डब्याला लावून चिप परत चालू करायला लागेल. तेव्हा विचारेल, जुनी शिकवण पुसायची का. नाही म्हणायचं. संमतीचा अंगठा तुमचाच नोंदलाय, काळजी घेणारी व्यक्ती म्हणून."

वजाबाकी ढोबळ होती. राजमती बोलली की त्या क्षणी आसपासचं जे असेल ते तिच्याबरोबर पुसलं जायचं. भूपाल त्याला खड्डे म्हणायचा. ती भाजीवालीशी बोलली तर दुकानात मोटारीच्या आवाजात खड्डा. ती बस्तीत सगळ्यांबरोबर पूजा म्हणायला लागली तर भूपालला पूजेत खड्डे. पुजाऱ्यांनी तिला जरा मागं बसायला सांगितलं. मग बाहेरच्या ओट्यावर.

"वहिनी, तुम्ही जरा गप्प बसा, त्याला नीट ऐकू दे," असं पाहुणे पहिल्यांदा संकोचून म्हणाले. नंतर संकोच राहिला नाही. विमलाक्का म्हणायची, "तू आत जा बघू. तू असलीस की आमचं पण त्याला पोचत नाही." राजमतीचा स्तोत्रपाठ आता गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागं व्हायचा.

तनुजानं मोबाइलवर एक सोय करून दिली. राजमतीनं टाइप करायचं, मोबाइल दुसऱ्या आवाजात बोलणार. आवाज निवडायला भूपाल बसला. एकेक ऐकत गेला. एका तरण्या, खणखणीत बाईच्या आवाजावर थांबला.

"ही चांगली आहे," तो म्हणाला. "स्पष्ट बोलती."

राजमतीनं टाइप केलं. "जेवायला चला," ती बाई म्हणाली.

"आलोच की!" भूपाल म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, जेवायला बोलावल्यावर तो एवढ्या उत्साहानं कधी उठला नव्हता. हळूहळू तो बोलताना राजमतीकडं बघेनासा झाला. मोबाइलकडं बघायचा. एकदा म्हणाला, "काय पण म्हण, तुझ्यापेक्षा ही गोड बोलती." विमलाक्का पोट धरून हसली. राजमतीही हसली. तिचं हसणं कुणालाच त्रास देत नव्हतं, ते मुळात आवाजाचं नव्हतंच.

पुढच्या तपासणीला तनुजा आली तेव्हा तिनं विषय काढला. कदाचित तिला झोप लागत नसावी. "काका, दुसऱ्यांदा बसवून बघायचं का? धोका आहे. पण तुमचा निर्णय."

भूपालनं राजमतीकडं बघितलं. खूप दिवसांनी बघितलं. "तिनं सांगावं," तो म्हणाला. "तिच्यासाठीच करायचं तर तिनं सांगावं. ती हो म्हटली तर मी हो म्हणतो."

विमलाक्का ताडकन म्हणाली, "देवाच्या दयेनं आलेले कान परत घालवायचे? बघ बाई, तुझं तू बघ."

राजमतीनं मोबाइल उचलला नाही. तिनं मान नकारार्थी हलवली. ती भूपालच्याच तोंडाकडं बघत होती. त्याचे खांदे खाली आले, कपाळ सैल झालं. सुटका झाल्यावर माणसाचं तोंड होतं तसं त्याचं झालं. झालं ते क्षणभरच. मग त्यानं तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझ्यासारखी तूच."

पुढच्या आठवड्यात कुंभोजचे एक चौगुले मोटार घेऊन दुकानात आले. त्यांच्याही कानामागं उपकरण होतं, पाचव्या पिढीचं, चकचकीत. राजमती पाणी घेऊन आली.

"मगदूम, एक विचारायचं होतं," चौगुले म्हणाले. "तुमच्या चिपेत जी आवृत्ती आहे ती आम्हाला मिळल काय?"

"कसली?"

"बायकोचा तेवढा आवाज येत नाही म्हणे." बाकड्यावरचे दोघं तिघं हसायला लागले. "त्या हुक्केरी मॅडमला फोन केलता. फोन आपटला माझ्यावर. म्हणाली, सांगली-कोल्हापुरातनं तुम्ही कितवे विचारणारे!"

भूपालही हसला. दुकानात परत हशा पिकतोय, परत आपण त्यात आहोत, या आनंदात तो होता. "तसं मिळत नाही ते," तो म्हणाला. "त्यासाठी बायकोनं उशाशी बसून देवाचं नाव घ्यायला लागतंय!"

वेल्डर त्याच्या दुकानातून बाहेर येऊन हसला.

राजमतीनं पेले गोळा केले. आत येऊन धुतले, पालथे घातले. गव्हात एक किडा दिसला, तो तिनं कागदावर घेऊन परसात जपून सोडला. भूपालला वाढलं. त्यानं वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. जेवून तो आडवा झाला, उशीखाली चकती होतीच. विमलाक्का शेजारी गेली होती.

त्याला झोप लागली. चार्जरच्या डब्याला राजमतीनं पेनड्राइव्ह लावला. डब्याचा पडदा उजळला. हे उपकरण ओळखीचं आहे, अशी ओळ आली. मग प्रश्न आला: जुनी शिकवण पुसायची?

ती प्रश्नासमोर बसून राहिली. चिप घेईलही लिहून, असं तिनं स्वतःला सांगून बघितलं. मग तो उठेल आणि ती बोलेल आणि तो ऐकेल. हे सांगत असताना तिच्या डोळ्यांसमोर ते मात्र येत नव्हतं. येत होते ते त्याचे सैल झालेले खांदे. लिहून घेणार नाही हे तिला मनोमन ठाऊक होतं, आणि तरी तिनं अंगठा ठेवला.

पट्टी सरकत गेली. निम्म्याच्या पुढं गेली. थांबली. लिहिणं अपूर्ण राहिलं, असं पडदा म्हणाला. थोड्या वेळानं काहीच म्हणेना.

भूपाल उठला तेव्हा ती उशाशीच बसली होती. त्यानं आळस दिला, छताकडं बघितलं, दाराकडं बघितलं. "आक्का कुठं आहे?" तो ओरडला. "कोण बोलत का नाही? अगं, कोण बोलत का नाही?"

"बोलतेय मी," राजमती म्हणाली.

तनुजा आली. तिनं डबा उघडून बघितला. अंगठा कुणाचा आणि केव्हाचा, हे तिथं नोंदलेलं होतं. तिनं राजमतीकडं बघितलं. राजमतीनं नजर चुकवली नाही. मग तनुजानं पाटी मागून घेतली आणि भूपालसाठी लिहिलं: हार्डवेअर जुनं झालं होतं. पाटी त्याच्या हातात देऊन ती निघून गेली. परत ती कधी आली नाही.

राजमतीला आता कुणी आत जा म्हणत नव्हतं. तिनं भाजीवालीशी ओट्यावर उभं राहून गप्पा मारल्या. बस्तीत तिला पुढं बसायला जागा मिळाली. बिचारी, नवऱ्याचं एवढं केलं, म्हणून बायकांनी स्वतः सरकून दिली. घरी ती खोलीतच, भूपालच्या समोर, पाठ म्हणायला लागली.

दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपली की ती आलोचनेला बसायची. आपल्या हातून दिवसभरात दुखावलेल्या सगळ्या जीवांची त्यात क्षमा मागायची असते, इंद्रियांच्या क्रमानं. नुसती कातडी असलेले जीव. जीभ असलेले, आळीसारखे. नाक असलेले, मुंगीसारखे. डोळे असलेले, माशी आणि भुंग्यासारखे, चार इंद्रियांचे. कान सगळ्यांच्या शेवटी मिळतात. ते मिळाले की जीव पाच इंद्रियांचा होतो, माणसाच्या पंक्तीला बसतो.

चार इंद्रियांच्या जीवांपाशी राजमती थांबली. ती ओळ तिनं पुन्हा म्हटली, मोकळ्या गळ्यानं, एकेक अक्षर स्पष्ट. भूपाल भिंतीला टेकून तिच्या ओठांकडं बघत होता. त्यानं हात जोडले.

"माझ्यासाठी पण म्हण गं," तो म्हणाला. गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"तुमच्यासाठीच म्हटलं," राजमती म्हणाली.